अप्पर-डिपर : मोटारसायकलच्या बल्बची सव्वाशे वर्षे

मोटारसायकलचा बल्ब उडाला की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो : 'गाडी कोणती?' या साध्या प्रश्नाच्या पोटात सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आजचा धागा त्या इतिहासाचा. त्यात रसायनशास्त्र आहे, युद्धे आहेत, पुण्या-नगरचे कारखाने आहेत आणि मराठवाड्यातील काळोखे रस्तेही आहेत.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात कुरुंदा हे गाव आहे. विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे आडनाव याच गावाचे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. गावाजवळ टोकाईचा गड आहे आणि त्याच देवीच्या नावाचा सहकारी साखर कारखानाही. तालुक्याच्या ठिकाणी, वसमतला, पूर्णा कारखाना आहे. म्हणजे हा उसाचा आणि हळदीचा पट्टा. गळीत हंगामात या रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्रभर चालतात.

त्यांपैकी कित्येकांना मागे दिवा नसतो. असतो तो लाल कागदाचा रिफ्लेक्टर. रिफ्लेक्टर स्वतः प्रकाशत नाही. मागून येणाऱ्याचा प्रकाश तो आल्या दिशेने परत पाठवतो, एवढेच. मोटारसायकलचा दिवा मंद असेल तर ट्रॉलीचा रिफ्लेक्टर असून नसल्यासारखाच. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. सगळेच अपघात दिव्यामुळे होत नाहीत, हे उघड आहे. पण बल्बची निवड हा केवळ हौसेचा विषय नाही, हेही तितकेच उघड आहे.

आता आरंभाकडे वळू. पहिल्या मोटारसायकलींच्या दिव्यात बल्ब नव्हता, ज्योत होती. १८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन आणि फ्रान्समध्ये आंरी म्वासाँ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विजेच्या भट्टीत कॅल्शियम कारबाइड तयार करण्याची रीत शोधली. या करड्या खड्यांवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो अत्यंत पांढऱ्या, तेजस्वी ज्योतीने जळतो. केळी पिकवण्यासाठी चोरून वापरला जाणारा, कायद्याने बंदी असलेला कारबाइड तो हाच. केळीसाठी प्रसिद्ध असलेल्या अर्धापूरच्या शेजारात वाढलेल्या वाचकांना त्याचा लसणासारखा वास वेगळा सांगायला नको.

मोटारसायकलच्या चौकटीवर एक पितळी डबा बसवलेला असे. खाली कारबाइड, वर पाणी आणि मध्ये थेंब-थेंब पाणी सोडणारी चावी. डब्यातून निघालेली रबरी नळी पुढच्या दिव्याकडे जाई. पाणी जास्त सुटले तर ज्योत भडके, कमी सुटले तर विझे. अंधार पडू लागला की स्वाराने उतरायचे, चावी सोडायची, थोडे थांबायचे आणि काडी ओढायची. प्रवास संपला की डब्यातला चुन्याचा चिखल खरवडून काढायचा. प्रकाश मात्र इतका चांगला होता की विजेचे दिवे आल्यानंतरही अनेक स्वारांनी ज्योत लवकर सोडली नाही. सुरुवातीच्या विजेच्या बल्बची तार रस्त्याच्या हादऱ्यांनी तुटे. ज्योतीला तुटण्यासारखे काही नव्हतेच.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंडच्या लुकास कंपनीने 'मॅगडायनो' नावाचे यंत्र आणले. ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि वीज निर्माण करणारा डायनॅमो एकाच घरात. त्याच्या जोडीला ६ व्होल्टची बॅटरी. या कंपनीच्या संस्थापकाला इंग्रज स्वार थट्टेने 'काळोखाचा राजपुत्र' म्हणत, यावरून त्या दिव्यांच्या भरवशाची कल्पना यावी. तरीही काडी ओढण्याचे दिवस संपले होते.

त्याच दशकाच्या मध्यावर जर्मनीत ऑसरामने 'बायलक्स' बल्ब बाजारात आणला. मराठी माणूस ज्याला 'अप्पर-डिपर' म्हणतो त्याचा जन्म इथे झाला. एका काचेत दोन तारा. एक तार आरशाच्या, म्हणजे परावर्तकाच्या, केंद्रबिंदूवर. तिचा झोत सरळ लांब जातो. दुसरी तार केंद्राच्या थोडी पुढे आणि तिच्याखाली धातूची छोटी वाटी. वाटीमुळे या तारेचा प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर, वळतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो जात नाही. सगळी किमया त्या तारेच्या जागेत आहे. तार एक-दोन मिलिमीटर सरकली तरी झोत आभाळात जातो किंवा पुढच्या चाकापाशी कोसळतो.

म्हणूनच बल्बचा तळ, म्हणजे होल्डरमध्ये बसणारी टोपी, हा इतिहासाचा दुर्लक्षित पण महत्त्वाचा भाग आहे. जुन्या गाड्यांत 'बीए-२०-डी' हा तळ सर्रास असे. यातील 'बीए' म्हणजे संगिनीसारखा दाबून फिरवायचा तळ, २० म्हणजे मिलिमीटरमधील व्यास आणि 'डी' म्हणजे तळाशी दोन संपर्कबिंदू. अशा तळाला होल्डरमध्ये किंचित खेळ राहतो आणि तार थोडी इकडे-तिकडे होते. पुढे कडीचे तळ आले. त्यांच्या नावात 'पी' हे अक्षर असते. कडीला ठरावीक जागी खाचा असतात, त्यामुळे बल्ब एकाच रीतीने बसतो आणि तार नेमक्या जागी येते. मागच्या दिव्याच्या 'बीएवाय-१५-डी' बल्बलाही अशीच युक्ती आहे. त्याच्या दोन खुंट्या मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो उलटा बसूच शकत नाही. उलटा बसला असता तर ५ वॅटच्या टेल लाइटच्या जागी २१ वॅटची ब्रेकची तार कायम जळत राहिली असती आणि ब्रेक दाबल्यावर फरकच कळला नसता. कानसीने खुंटी घासून 'बसवून देणारे' लोक नेमकी हीच सोय मोडीत काढतात.

भारतात हे सारे गाड्यांसोबत आले. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्डचे बुलेट, १९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. जावा आणि राजदूत ६ व्होल्टच्या. सुरुवातीची बुलेटही तशीच. खेड्यापाड्यांत दूधवाल्यांनी, ग्रामसेवकांनी आणि शिक्षकांनी राजदूत वापरली, ती अशा पिवळसर, मिणमिणत्या प्रकाशात.

महाराष्ट्राची स्वतःची कथा मात्र थोडी वेगळी आहे आणि बल्बच्या दृष्टीने अधिक रंजक. बजाज ऑटोने पुण्याजवळ आकुर्डीला इटलीच्या पियाजिओच्या परवान्याने वेस्पा बांधली. १९७२ मध्ये चेतक आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या मातीत दुचाकी तयार होऊ लागल्या. ऐंशीच्या दशकातच एम-८० आली आणि शेतकऱ्याची, दूधवाल्याची, फेरीवाल्याची गाडी झाली.

या गाड्यांचे दिवे 'डायरेक्ट' होते. बॅटरीचा खर्च वाचवण्यासाठी इंजिनाच्या चाकातील चुंबक आणि कॉइल यांतून निघालेली वीज थेट बल्बला दिली जाई. या मॅग्नेटोला मेकॅनिक मंडळी नुसते 'मॅग्नेट' म्हणतात. इंजिन जोरात फिरले की दिवा लखलखीत, मंद झाले की दिवाही मंद. ज्यांनी अशी गाडी रात्री चालवली त्यांना ही खोड ठाऊक आहे. खड्डा किंवा नाला दिसला म्हणून वेग कमी करावा तर नेमका त्याच क्षणी उजेड जाई. मग क्लच दाबून रेस देत, दिवा पेटता ठेवत गाडी पुढे न्यायची. ग्रामीण महाराष्ट्राची एक पिढी अशी रेस देत-देत घरी पोचली आहे.

बल्ब निवडण्याचा सर्वांत विलक्षण नियम याच गाड्यांनी शिकवला. बॅटरीच्या गाडीत किंवा घरात मोठ्या वॅटचा बल्ब लावला तर उजेड वाढतो. मॅग्नेटवरच्या डायरेक्ट दिव्यात असे होत नाही. ही कॉइल साधारण ठरावीक प्रवाह पुरवते. व्होल्टचा दाब किती राहील ते बल्ब ठरवतो. जुन्या वेस्पाला ६ व्होल्टचा २५/२५ वॅटचा बल्ब लागे. उजेड वाढावा म्हणून कोणी तिथे ३५ वॅटचा लावला, तर त्या बल्बचा रोध कमी असल्याने दाब घसरतो, तार पुरती तापत नाही आणि उजेड पहिल्यापेक्षा कमी पडतो. उलट १५ वॅटचा लावला तर दाब चढतो आणि तो बल्ब काही दिवसांत उडतो. मोठा बल्ब, लहान उजेड : हे कोडे अनेकांना अखेरपर्यंत सुटले नाही आणि दोष गाडीच्या माथी गेला.

याच तत्त्वाचे दुसरे टोक अधिक धोक्याचे होते. पुढचा आणि मागचा दिवा एकाच कॉइलवर. मागचा छोटा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याची वीज पुढच्या बल्बवर येते. ती सोसली नाही तर पाठोपाठ पुढचाही जातो आणि स्वार भर रस्त्यात ठार अंधारात उरतो. त्यामुळे जाणते मेकॅनिक हेडलाइटचा बल्ब बदलण्याआधी टेल लाइट तपासत. आजही जुनी चेतक किंवा लुना सजवणाऱ्या हौशी तरुणांनी हीच सवय ठेवावी. लागोपाठ बल्ब उडत असतील तर आधी मागचा दिवा, होल्डरचा गंज आणि अर्थिंग पाहावे. नवा बल्ब त्यानंतर.

व्होल्टचा थोडा फरक किती महाग पडतो, याचे गणित बोलके आहे. तारेच्या बल्बला पाच टक्के जादा दाब मिळाला तर उजेड सुमारे अठरा टक्के वाढतो, पण आयुष्य जवळपास निम्मे होते. दाब दहा टक्के घटला तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. गंजलेला होल्डर आणि सैल तार एवढा दाब सहज खाऊन टाकतात. महागडा बल्ब घेण्यापेक्षा होल्डर घासणे स्वस्त पडते; पण ते सांगण्यात दुकानदाराचा फायदा नाही.

पुढे १२ व्होल्टची व्यवस्था रूढ झाली. ठरावीक वॅटसाठी व्होल्ट दुप्पट झाले की प्रवाह निम्मा लागतो, म्हणून तारांत आणि होल्डरमध्ये वीज कमी वाया जाते. सोबत रेग्युलेटर आला, ज्याला आज 'आर-आर युनिट' म्हणतात. इंजिन कितीही जोरात फिरले तरी दाब मर्यादेत ठेवणे हे त्याचे काम. आता बल्ब वारंवार उडू लागले तर संशय या युनिटवर घ्यायचा. जुन्या गाडीचे ६ व्होल्टचे सुटे भाग आणि नव्या गाडीचे १२ व्होल्टचे भाग एकाच दुकानात शेजारी टांगलेले असतात. ६ व्होल्टचा बल्ब १२ व्होल्टला लावला तर क्षणभर झगमगतो आणि संपतो. १२ चा बल्ब ६ व्होल्टला लावला तर निखाऱ्यासारखा नुसता लाल दिसतो.

दरम्यान युद्धांनीही दिव्यांवर आपली खूण ठेवली. १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआऊट होता आणि वाहनांच्या दिव्यांना काळा रंग किंवा कागद लावला जाई. युद्ध संपल्यावरही दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवण्याची पद्धत पुढे बराच काळ टिकली. कारण आता शत्रूचे विमान नव्हे, समोरच्या वाहनाला होणारा डोळ्यांचा त्रास. वाटीच्या साहाय्याने झोत कापण्याची नाजूक युक्ती असताना काचेवर रंगाचा फटकारा मारणे म्हणजे घड्याळ हातोडीने दुरुस्त करण्यासारखे. पण ज्या देशात डिपर मारण्याची सवयच नव्हती तिथे पोलिसांच्या हातातही फारसे काही नव्हते.

फ्रान्सने वेगळाच मार्ग धरला होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३ पर्यंत तिथे वाहनांचे पुढचे दिवे पिवळे असणे सक्तीचे होते. आज आपल्याकडे निळसर-पांढऱ्या बल्बची हौस आहे. रंग चढवलेला तारेचा बल्ब हा रंग मिळवण्यासाठी स्वतःच्याच प्रकाशाचा एक हिस्सा गाळून टाकतो, हे त्या चकचकीत खोक्यावर छापलेले नसते. पावसात आणि धुरळ्यात हा तोटा अधिक जाणवतो.

१९५९ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमधील एल्मर फ्रिड्रिच आणि एमेट वायली यांना हॅलोजन बल्बचे पेटंट मिळाले. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार हळूहळू उडून काचेवर बसते. काच काळी पडते आणि तार झिजते. बल्बमध्ये हॅलोजन कुळातील वायू घातला की तो उडालेल्या टंगस्टनला पकडून पुन्हा तारेकडे नेतो. त्यासाठी बल्बची भिंत खूप तापलेली हवी, म्हणून साध्या काचेऐवजी छोटी क्वार्ट्झची कुपी. या कुपीला बोट लागले तर कातडीवरचे तेल तापून तिथे डाग पडतो आणि कुपी तडकू शकते. हॅलोजन बल्ब फडक्याने धरण्याचा सल्ला त्यातूनच आलेला आहे.

युरोपात १९६२ मध्ये एच-१ हा मोटारींचा पहिला हॅलोजन बल्ब आला. पण त्यात एकच तार. दोन तारांचा एच-४ यायला १९७१ उजाडले. बायलक्सची वाटी आणि हॅलोजनची कुपी यांचा तो संगम. मोटारींसाठी तो ६०/५५ वॅटचा. मोटारसायकलींसाठी त्याच घराण्यातील धाकटा भाऊ म्हणजे ३५/३५ वॅटचा एचएस-१. भारतात हॅलोजनच्या दुचाकी वाढल्या तसे हे नाव गावोगावच्या दुकानांत पोचले.

इथेच आजचा सर्वांत मोठा गोंधळ आहे. दोन्ही बल्ब दिसायला जवळजवळ जुळे. मग कोणीतरी एचएस-१ च्या जागी मोटारीचा, कधी तर १०० वॅटचा बल्ब बसवतो. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला सुमारे तीन अँपिअर ओढतो. १०० वॅटचा सव्वाआठ. बारीक तारा, स्विच आणि होल्डर तेवढ्यासाठी बनलेले नसतात. आधी होल्डर वितळतो, मग प्लॅस्टिकचा परावर्तक काळवंडतो आणि बॅटरी भरेनाशी होते. जुन्या चेतकच्या मॅग्नेटने शिकवलेला धडा नव्या गाडीतही पुरता बाद झालेला नाही : गाडी जेवढी वीज बनवते, तेवढाच बल्ब.

एलईडीची गोष्ट पुन्हा त्या मिलिमीटरपाशी येते. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी साकारला आणि पांढऱ्या एलईडीचा मार्ग मोकळा झाला. २०१४ चे नोबेल त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळाले. मूळ एलईडीसाठी आखलेला दिवा उत्तम असतो. पण तारेसाठी आखलेल्या परावर्तकात एलईडीचा बल्ब खोचला की प्रकाशाचा उगम तारेच्या जागी आणि तारेच्या आकाराचा राहत नाही. स्वाराला वाटते, केवढा उजेड! समोरच्याला मात्र काही क्षण काहीच दिसत नाही आणि त्याच क्षणी दोघांमध्ये उसाची ट्रॉली असू शकते. इंडिकेटरलाही एलईडी लावला की तो भराभरा लुकलुकू लागतो. जुना फ्लॅशर १० वॅटच्या दोन बल्बांचा भार गृहीत धरतो आणि भार कमी दिसला की एक बल्ब उडाल्याची खूण देतो. तिथे बल्बसोबत फ्लॅशरही बदलावा लागतो.

दिव्याचा झोत कुठे आणि किती पडावा याच्या चाचण्या होतात. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या परीक्षणाचे काम करते आहे. तिथे उत्तीर्ण होतो तो काच, परावर्तक आणि बल्ब यांचा एकत्रित संच. बल्ब बदलून त्याची जात बदलली की ती परीक्षा त्या गाडीपुरती रद्दच समजायची.

कायद्यानेही दिव्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लावणे बंधनकारक केले होते. म्हणजे दिवा रात्रीचा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनाबरोबर आपोआप पेटणारा हेडलाइट सक्तीचा झाला, हेडलाइट बंद करण्याचे बटणच गेले. युरोपात हा नियम २००३ पासून होता. आता दिवा पाहण्यासाठी जितका, तितकाच दिसण्यासाठी. भर उन्हात वसमतच्या बाजाराला निघालेल्या गाडीचाही दिवा पेटलेला असतो. सुरुवातीला लोक रस्त्यात हाक मारून 'दिवा चालू आहे' असे सांगत. ती हाक आता ऐकू येत नाही.

याचा बल्बवर झालेला परिणाम सरळ आहे. पूर्वी रात्रीपुरता जळणारा बल्ब आता गाडीइतकाच जळतो आणि म्हणून लवकर बदलावा लागतो. अनेक नव्या गाड्यांत तर बदलण्यासारखा बल्बच उरलेला नाही. एलईडी आणि परावर्तक एकाच बंद घरात असतात. ते गेले की संपूर्ण दिवा विकत घ्यायचा, आणि त्याची किंमत ऐकून कुरुंद्याचा शेतकरी जुन्या पस्तीस वॅटच्या बल्बची आठवण काढतो.